१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच

भारतात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ही तारीख आणि ही वेळ कधी ना कधी पाहिलेली असते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री, ग्रिनिचच्या वेळेने, शून्यावर धरलेलं आहे. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणून तारखेच्या जागी नुसता शून्य येऊन बसला की आपल्याकडे साडेपाचची पहाट दिसते.

माझ्या स्क्रीनवर ती २०२२ च्या मे महिन्यात दिसली. एका फाइलपुढे नाही, एकसष्ट हजार फायलींपुढे. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलरच्या वाळ्यावर नुकतंच पाणी सोडलं होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेले काका चष्मा वर सरकवून म्हणाले, "हे काय होऊन राहिलं बेटा? सत्तर साली तर मी शाळेत होतो."

काका म्हणजे बाबांचे मित्र. नागपूरच्या महाल भागात, गांधी गेटजवळच्या एका गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ. आता तिथे पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन चालतं, ते त्यांचा मुलगा बघतो. पण काकांनी चाळीस वर्षं लग्नं, मुंजी, बारशी आणि शाळांचे वर्गाचे फोटो काढले. निगेटिव्ह खाकी पाकिटांत, पाकिटावर निळ्या शाईने क्रमांक, आणि त्या क्रमांकाची नोंद जाड लांबट वह्यांत. अशा नऊ वह्या. २०१४ मध्ये त्यांनी त्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या आणि मला बोलावलं. मी दिवसा गायत्रीनगरच्या आयटी पार्कात स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर काम करते, फायली आणि डिस्क हाच माझा रोजचा विषय, हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "जास्त काही नको. कोणता फोटो कुठे आहे न् कधीचा आहे, एवढी यादी करून दे."

कोणता, कुठे आणि कधीचा. पहिले दोन शब्द एका रविवारात निपटले. तिसऱ्यावर मी अजून काम करते आहे.

प्रोग्रामला फाइलबद्दल काही विचारायचं असेल तर तो स्वतः डिस्क उघडून बघत नाही, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, विचारतो. विचारण्याच्या ठरलेल्या रीतीला सिस्टम कॉल म्हणतात, आणि फाइलच्या तपशिलासाठीचा सिस्टम कॉल म्हणजे स्टॅट. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही तो आहे. रीत साधी: फाइलचं नाव द्या, एक कोरा तक्ता द्या, कर्नल तक्ता भरून परत करतो. फाइलचा प्रकार आणि परवानग्या, मालक, गट, आकार, आयनोडचा क्रमांक, त्या आयनोडला किती नावं आहेत, आणि वेळा.

आयनोड म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं नव्हतं तितकं काकांच्या पाकिटांनी कळलं. फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं आणि आयनोडमध्येही नसतं. ते फोल्डरमध्ये असतं. आयनोड म्हणजे खाकी पाकीट, त्यावर फक्त क्रमांक. कोणाचं लग्न हे वहीत. आणि वहीत एकाच पाकिटाच्या दोन नोंदी कितीतरी ठिकाणी आहेत, एक वराकडच्या आडनावाने, एक वधूकडच्या, कारण पुढे प्रिंट मागायला कोण येईल ते सांगता येत नाही. युनिक्समध्ये याला हार्ड लिंक म्हणतात. दोन्ही नावं सारखीच खरी. एक खोडलं तरी पाकीट कपाटात राहतं. शेवटचं नाव खोडलं की मगच पाकीट जातं.

वेळा तीन. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत त्या तीन रकान्यांच्या रूपात आहेत आणि आजही तशाच चालत आल्या आहेत. एटाइम म्हणजे फाइल शेवटची कधी वाचली. एमटाइम म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. आणि सीटाइम. हा 'सी' क्रिएशनचा आहे असं मी धरून चालले. तो चेंजचा आहे. आयनोडमधल्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला, एवढंच तो सांगतो. सातबारा हातात असला की शेवटचा फेरफार कधीचा ते कळतं, जमीन कधीची ते कळत नाही, तसं. मी तेव्हापासून सीटाइमला मनात 'फेरफार' म्हणते आणि तो घोटाळा पुन्हा केलेला नाही.

पण २०१४ साली केला होता. काकांच्या यादीत 'कधीचा'च्या पुढे मी सीटाइम लावला. वर्षभर सगळं ठीक दिसलं, कारण स्कॅन ज्या दिवशी झालं त्याच दिवशीचा फेरफार होता. मग काकांनी नवीन कॉम्प्युटर घेतला. मी सगळ्या फायली त्यावर आणल्या, नवीन मशीनवर त्यांचा युजर क्रमांक वेगळा होता म्हणून एका कमांडने सगळ्यांचा मालक बदलला. मालक बदलणं हा आयनोडमधला बदल. एका मिनिटात सगळ्या फायलींचा सीटाइम त्या संध्याकाळचा झाला. काका काही रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे तर लिहून आहे. मग तुझ्या मशीनला काहून माहीत नाही?"

खरी जन्मवेळ लिनक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्याच वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये, डिस्कवर नव्हतीच असं नाही. ईएक्सटी४ या फाइल सिस्टममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायच्या पद्धतीत, फाइल कधी निर्माण झाली ते लिहून ठेवायची सोय आहे. फक्त ते विचारायला दार नव्हतं. स्टॅटचा तक्ता ठरलेला, त्यात जन्मवेळेचा रकाना नाही. आणि तो तक्ता वाढवायचा तर जगभरात आधीच तयार होऊन बसलेले प्रोग्राम मोडतात, कारण त्यांनी जुन्या आकाराएवढीच जागा राखून ठेवलेली असते. मोठ्या फायली आल्या तेव्हा ३२ बिटांच्या मशीनवर असंच स्टॅट६४ नावाचं वेगळं दार काढावं लागलं. १९७० पासून सेकंदांत मोजलेला, ३२ बिटांत मावणारा काळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो, म्हणजे तेही ओझं त्याच तक्त्यावर.

डेव्हिड हाउल्स या कर्नलवर काम करणाऱ्या प्रोग्रामरने २०१० मध्ये नवीन कॉलचा प्रस्ताव मांडला. तो स्टॅटएक्स या नावाने लिनक्सच्या ४.११ आवृत्तीत आला २०१७ मध्ये, आणि सी भाषेच्या जीलिबसी या लायब्ररीत २०१८ मध्ये. एका सिस्टम कॉलला सात वर्षं. पूर्वी मला हे संथ वाटायचं. आता वाटत नाही. कर्नलने एकदा दिलेलं दार परत बंद करता येत नाही, कोणाचा तरी प्रोग्राम त्यातून रोज जात असतो. तक्त्यात कुठला रकाना हवा, कुठला नको, आणि उद्या लागला तर कुठे घालायचा, यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खपवावं हेच बरोबर आहे. स्टॅटएक्सचा तक्ता २५६ बाइटचा आहे आणि त्यात मोकळी जागा मुद्दाम राखलेली आहे. त्या जागेत नंतर खरोखरच भर पडली: २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत फाइल कोणत्या माउंटवर (जोडलेल्या डिस्कवर) आहे त्याचा क्रमांक, २०२२ मध्ये ६.१ मध्ये थेट डिस्कशी बोलणाऱ्या प्रोग्रामसाठी लागणारी मापं. जुना एकही प्रोग्राम मोडला नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो त्याचा मास्क.

स्टॅटला विचारताना तुम्हाला निवड नसते. फक्त आकार हवा असला तरी पूर्ण तक्ता मागावा लागतो, आणि कर्नललाही पूर्ण तक्ता भरावाच लागतो. स्टॅटएक्सला विचारताना तुम्ही सोबत एक मास्क देता, एकेका रकान्यासाठी एकेक बिट, म्हणजे एकेक चालू-बंद खूण. आकार आणि एमटाइम हवा, तर तेवढेच दोन बिट लावायचे. आणि उत्तर येतं तेव्हा तक्त्यासोबत कर्नलचा स्वतःचा मास्क येतो. त्याचा अर्थ असा की यातले हे हे रकाने मी खरे भरले आहेत. जे हाताशी होतं ते न मागताही दिलेलं असू शकतं. जे मागितलं पण त्या फाइल सिस्टमकडे नाहीच, त्याचा बिट बंद.

'माझ्याकडे नाही' असं म्हणायची ही सोय जुन्या स्टॅटमध्ये कुठेही नव्हती. त्यामुळे ज्या फाइल सिस्टमकडे एखादी गोष्ट नसते ती काहीतरी रचून देते. आपला रोजचा पेन ड्राइव्ह घ्या. बर्डीच्या बाजारातून आणलेला साधा, फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला. फॅटमध्ये मालक ही कल्पनाच नाही, आयनोड नाही, युनिक्सच्या परवानग्या नाहीत. तरी लिनक्सला लावून स्टॅट केला की सगळं भरलेलं दिसतं. ज्याने माउंट केला तो मालक, सगळ्या फायलींना एकाच साच्यातल्या परवानग्या, आयनोड क्रमांक तिथल्या तिथे तयार केलेला. शेवटच्या बदलाची वेळ दोन दोन सेकंदांच्या टप्प्यांत, तीही स्थानिक वेळेत, टाइमझोन न लिहिता. म्हणूनच कधी कधी पेन ड्राइव्हवरच्या फायली बरोबर साडेपाच तास मागे-पुढे दिसतात. लिहिणाऱ्याने भारताची वेळ लिहिली आणि वाचणाऱ्याने ती ग्रिनिचची समजली. तक्ता पूर्ण भरलेला असतो, आणि त्यातलं काय खरं नि काय रचलेलं हे सांगणारं त्यात काहीही नसतं.

स्टॅटएक्समध्ये हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला आहे. फाइल कॉम्प्रेस केलेली आहे का, एनक्रिप्ट केलेली आहे का, तिच्यात फक्त भर घालता येते का, असे हो-नाही प्रश्नही त्यात आहेत. हो-नाहीसाठी एक बिट पुरतो असं वाटेल. पण बिट बंद असला तर 'नाही' समजायचं की 'मला ती गोष्टच माहीत नाही' समजायचं? म्हणून तिथेही दुसरा मास्क आहे, ही फाइल सिस्टम कोणकोणत्या प्रश्नांना उत्तर देऊ शकते ते सांगणारा.

आता मे २०२२ कडे येते. काकांच्या फायली तोवर घरातल्या एका छोट्या नेटवर्क स्टोरेजच्या डब्यावर गेल्या होत्या आणि मी माझा प्रोग्राम नव्याने, सीमध्ये, स्टॅटएक्स वापरून लिहिला होता. आता जन्मवेळ मिळणार म्हणून मला मनापासून आनंद होता. घरी लॅपटॉपवर तपासलं, सगळं छान. काकांकडे नेऊन चालवलं आणि समोर एकसष्ट हजार साडेपाचा.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. तो डबा एनएफएसच्या, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरायच्या प्रोटोकॉलच्या, तिसऱ्या आवृत्तीने जोडलेला होता. ती आवृत्ती १९९५ ची, आणि तिच्या प्रोटोकॉलमध्ये फाइलच्या वेळा तीनच आहेत, त्याच जुन्या तीन. जन्मवेळ तारेवरून येतच नाही. कर्नलने मला अगदी सरळ उत्तर दिलं होतं: जन्मवेळेचा बिट बंद, आणि त्या रकान्यात शून्य. मी रकाना वाचला. बिट वाचला नाही.

त्या दिवशी मी मशीनवर स्टॅट ही कमांड चालवून बघितली, कॉल नव्हे, टर्मिनलवरची त्याच नावाची कमांड. ती कोअरयुटिल्स या कमांडांच्या संचातली आहे आणि २०१९ पासून आतून स्टॅटएक्स वापरते. शेवटच्या ओळीत जन्मवेळ दाखवते. काकांच्या एका फाइलवर चालवली तर त्या ओळीत होती एक आडवी रेघ. माहीत नसेल तर रेघ. आणि हीच कमांड, लहान डब्ल्यूऐवजी मोठा डब्ल्यू देऊन जन्मवेळ सेकंदांत मागितली, की माहीत नसल्यास शून्य देते. एकाच कमांडमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी. माणूस वाचणार असेल तर रेघ, प्रोग्राम वाचणार असेल तर आकडा, म्हणून शून्य. प्रोग्रामला आकडा लागतो हे मला कळतं. तरी ज्या जागी शून्याला स्वतःचा खरा अर्थ आहे, तिथे 'माहीत नाही'साठी शून्य वापरू नये असं माझं पक्कं मत आहे. १ जानेवारी १९७० हा दिवस खरोखर होऊन गेलेला आहे.

मी रेघेकडे बघत होते तेव्हा काकांनी वही क्रमांक तीन माझ्यापुढे सरकवली. "आम्हीही अशीच मारत होतो," म्हणाले. पानाला चार रकाने: पाकीट क्र., नाव, तारीख, अॅडव्हान्स. तारखेच्या रकान्यात दर पानावर एखाद-दोन ठिकाणी आडवी रेघ. घाईत नोंद करायची राहिली आणि नंतर आठवलं नाही, की रेघ. काही ठिकाणी रेघेऐवजी 'अं.' लिहून महिना, अंदाजे. एका ठिकाणी तारीख लिहून, तिच्यावर काट मारून, वर रेघ ओढलेली. मी विचारलं, ही का? म्हणाले, "लिहिली होती, पण मग वाटलं का आपण अंदाजानं लिहिली. गिऱ्हाईक म्हणते तुमच्या वहीत आहे म्हणजे तीच तारीख. मग चुकीची लिहिण्यापेक्षा रेघ बरी."

चुकीच्या तारखेवर काट मारून रेघ ओढणं. मास्कचा बिट बंद करणं म्हणजे हेच.

मागताना कमी मागता येण्याचा दुसरा फायदा वेळेचा. स्वतःच्या डिस्कवर स्टॅटला काही लागत नाही, पण नेटवर्कवर प्रत्येक प्रश्न म्हणजे एक फेरी. ल्युस्टरसारख्या मोठ्या, अनेक मशीनवर पसरलेल्या फाइल सिस्टममध्ये फाइलचा मालक एका सर्व्हरला ठाऊक असतो, पण आकार सांगायचा तर जिथे जिथे तिचे तुकडे आहेत त्या सगळ्यांना विचारावं लागतं. मला फक्त मालक हवा आणि स्टॅट मात्र आकारासाठी गावभर फिरून येणार, हा निव्वळ अपव्यय. स्टॅटएक्समध्ये असंही सांगता येतं की शिळं चालेल, हाताशी जे आहे ते दे; किंवा ताजंच हवं, सर्व्हरला विचारून ये. विचारणाऱ्याची गरज विचारणाऱ्यालाच माहीत असते.

एवढं असूनही फोल्डरची यादी आणि प्रत्येक फाइलचा तपशील एकाच हाकेत द्या, असं लिनक्सला आजही सांगता येत नाही. आधी नावं मागायची, मग नावानावाने तपशील. नुसतं एलएस (फोल्डरमधली नावं दाखवणारी कमांड) झटकन येतं आणि त्याला लांब यादीचा पर्याय लावला की मोठ्या फोल्डरवर खोळंबा होतो, तो यामुळे. विंडोजमध्ये फोल्डर वाचतानाच आकार आणि वेळा सोबत मिळतात. बेल लॅब्सच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टममध्ये तर फोल्डर वाचणं म्हणजेच एकापाठोपाठ एक पूर्ण नोंदी वाचणं. खुद्द एनएफएसच्या त्या तिसऱ्या आवृत्तीत नावं आणि तपशील एकत्र आणायची सोय तारेवर आहे, पण कर्नलच्या दारात येऊन ती एकेकाच्या हाकेत विभागली जाते. पायथन या भाषेने २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत स्कॅनडिर हे फंक्शन आणलं ते याच जाचातून. फोल्डर वाचताना जे फुकट हाती आलं आहे, ते टाकून देऊन पुन्हा विचारू नका, एवढाच त्याचा विचार. मीही काकांच्या यादीत तेच केलं. हे फोल्डर आहे की फाइल एवढं नावासोबतच कळतं, त्यासाठी वेगळा प्रश्न नाही. तपशील फक्त नव्या नावांचा. अकरा मिनिटांचं काम दोन मिनिटांत आलं. मास्क लावून मागता येणारी फोल्डरची यादी मला लिनक्समध्ये हवी आहे, आणि ती आली तर मी पहिल्या दिवशी वापरीन.

एटाइमबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचा निकाल लागलेला आहे. वाचल्याची वेळ लिहायची म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीपासून सरसकट रेलाटाइम लागू झाला: जुना एटाइम शेवटच्या बदलाच्या आधीचा असेल किंवा चोवीस तासांहून शिळा असेल, तरच नवा लिहायचा. म्हणजे रकान्याचं नाव तेच राहिलं आणि अर्थ सैल झाला. चालतंय.

एक चूक मात्र अजून लोकांच्या प्रोग्राममध्ये दिसते. नावाने विचारायचं, मग त्याच नावाने उघडायचं. काकांचा मुलगा एका बाजूला स्कॅन करत असायचा. स्कॅनरचा प्रोग्राम आधी तात्पुरती फाइल लिहून शेवटी तिला खरं नाव द्यायचा. माझ्या प्रोग्रामने नावावरून आकार विचारला, मग नाव उघडलं, आणि त्या मधल्या क्षणात त्या नावामागे दुसरंच पाकीट आलं होतं. यादीत आकार एकाचा, फोटो दुसऱ्याचा. म्हणून आधी फाइल उघडायची, मग उघडलेल्या फाइललाच तिचा तपशील विचारायचा. त्याला एफस्टॅट आहे, तोही १९७१ पासून. पाकीट हातात घेऊन मग त्यावरचा क्रमांक वाचावा, कपाटाकडे बोट दाखवून नाही.

बिटाची दुरुस्ती मी त्याच दुपारी केली. आता जिथे जन्मवेळ नाही तिथे यादीत रेघ येते. आणि मग माझ्या लक्षात आलं की काकांच्या प्रश्नाचं उत्तर तरीही मिळालेलं नाही.

समजा जन्मवेळ मिळाली असती. ती कशाची? आयनोडची. फोटो काढला १९८७ मध्ये, निगेटिव्ह स्कॅन झाली २०१५ मध्ये, फाइल या डब्यावर कॉपी झाली २०२१ मध्ये. कॉपी म्हणजे नवीन आयनोड, म्हणून जन्म २०२१ चा. एमटाइम कॉपी करताना जपला असेल तर तो २०१५ चा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या आणि 'बदलली' ही तारीख 'निर्माण झाली'च्या आधीची दिसली, असं पुष्कळांनी पाहिलं असेल. ती चूक नाही. मजकूर जुना, पाकीट नवीन. त्यातून अनेक एडिटर सेव्ह करताना नवीन फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतात, म्हणजे दर सेव्हला नवा जन्म. विंडोजने यावर असा उपाय केला की एखादं नाव पुसून पंधरा सेकंदांच्या आत त्याच नावाची फाइल आली तर जुनी जन्मवेळ तिला द्यायची. मला तो उपाय पटत नाही. पाकिटाची जन्मवेळ पाकिटाचीच असावी. लिनक्समध्ये ती बाहेरून बदलायला कॉलच ठेवलेला नाही, ते मला योग्य वाटतं.

१९८७ हा आकडा यांतल्या कुठल्याच रकान्यात नाही. तो कर्नलला कळायचा मार्गही नाही. तो फक्त वहीत आहे. फोटोची तारीख फाइल सिस्टमला विचारणं हाच मुळात चुकीच्या खिडकीवर उभं राहणं होतं, आणि मी आठ वर्षं त्या खिडकीवर उभी होते.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी महालात जाते. काका वही वाचतात, मी टाइप करते. प्रत्येक फोटोच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी मजकुराची फाइल, तिच्यात वहीतली नोंद. तारखेसाठी मी माझा स्वतःचा छोटा मास्क केला: वर्ष माहीत आहे का, महिना माहीत आहे का, दिवस माहीत आहे का, आणि 'अं.' साठी एक. 'मे १९८७, दिवस माहीत नाही' असं लिहिता येतं आणि कोणी त्याची १ मे १९८७ करत नाही. सहा वह्या झाल्या. रेघा सगळ्या रेघाच ठेवल्या.

मागच्या रविवारी सातव्या वहीत तारखेच्या रकान्यात दोनच शब्द आले: 'अक्षय तृतीया'. साल नाही. काकांनी पाकीट काढून निगेटिव्ह खिडकीशी धरली, नवरदेवाचा फेटा बघितला, मांडवामागचं घर बघितलं, आणि म्हणाले, हे घर नंतर पाडलं, म्हणजे नव्वदच्या आधीचं, पण त्यापुढे मी नाही सांगत. तिथी दर साली वेगळ्या तारखेला येते, म्हणून साल कळल्याशिवाय दिवस आणि महिना दोन्ही काढता येत नाहीत, आणि तरी तो दिवस नेमका ठाऊक आहे. माझ्या चार बिटांत हे बसत नाही. पाचवा रकाना केला आहे, त्यात वहीतले शब्द जसेच्या तसे. पंचांगं घेऊन येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. आणि काकांनी वधूकडच्या आडनावाची दुसरी नोंद शोधायला घेतली आहे, तिच्यापुढे कदाचित साल असेल.